सराव-बंदर

फ्रायबुर्ग, ४ मार्च

प्रिय गेझा मावशी,

तुझ्या इमकेच्या अंत्यविधीच्या दिवशी तू मला एकच वाक्य बोललीस : "टाय सैल कर, गळा आवळतोय तुझा." मी तेही धड केले नाही. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते आज लिहितो आहे.

नोव्हेंबरमध्ये, रुग्णालयातल्या खाटेवरून, इमकेने आमच्या भांडारात एक क्रमांक राखून ठेवला. आमचे भांडार म्हणजे शास्त्रज्ञांनी मोजलेल्या नोंदी कायमच्या सांभाळणारे ठिकाण. तिथे ठेवलेल्या प्रत्येक नोंदसंचाला एक क्रमांक मिळतो, आणि तो आज उघडा किंवा पन्नास वर्षांनी, त्याच पानावर नेतो. इमकेचा शेवटचा लेख एप्रिलमध्ये छापून येईल. त्याच्या अखेरीस हा क्रमांक असेल. जो कुणी तो उघडेल, त्याला उपेनच्या तळ्यावर तिने आठ वर्षे मोजलेले सारे दिसायला हवे. आज तिथे एवढेच दिसते : "राखीव. अद्याप रिकामे."

राखीव क्रमांक वर्षभर टिकतो. तीस नोव्हेंबरपर्यंत नोंदी पोचल्या नाहीत, तर तो रद्द होईल आणि तिच्या लेखाखालचा आधार निघून जाईल. मला ते होऊ द्यायचे नाही. तिने मला बजावले होते, "कारकुना, तळं पोचव." मला ती कारकूनच म्हणायची, हे तुला ठाऊक आहे.

नोंदी तिच्या टेबलावरच्या निळ्या डिस्कमध्ये आहेत. ती डाकेने पाठवून दे. माझे एका दुपारचे काम आहे.

तुझा,
ट्यार्क


उपेन, १५ मार्च

ट्यार्क बाळा,

डिस्क घराबाहेर जाणार नाही. डाकेने तर नाहीच. गेल्या नाताळात तुझ्या आईनं पाठवलेला केक माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा भुगा झाला होता, आणि तो तर नुसता केक होता.

काम मी करीन. तू मला सांग कसं करायचं. उपेनच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलाय मी. ज्यांना उत्तर दिशा सापडत नव्हती अशा पोरांना नकाशा वाचायला लावलाय, तेव्हा तू बनवलेली ती लायब्ररी की काय तीही वाचीन. इमकेचा कॉम्प्युटर चालू होतो. पासवर्ड हारोच्या बदकाचं नाव आहे. हारो म्हणजे आपला शेजारी, ज्याची होडी ती वापरायची. बदक मागेच मेलं.

आणि पत्रानं लिही. ईमेलमध्ये तू "इथे क्लिक कर" म्हणतोस आणि पळून जातोस. पत्रात तुला वाक्य पूर्ण करावं लागतं.

मावशी


फ्रायबुर्ग, २४ मार्च

प्रिय मावशी,

तुझी अट मान्य. खरे सांगायचे तर, मला आनंद झाला. लोत्सेबद्दल, म्हणजे माझ्या लायब्ररीबद्दल, पूर्ण वाक्यांत लिहायची संधी मला आजवर कुणी दिली नव्हती.

प्रथम नावाविषयी. प्रोग्रॅमिंगमधली लायब्ररी पुस्तकांची नसते. तो तयार सूचनांचा संच असतो, आणि कुणीही तो आपल्या कामासाठी बोलावून घेऊ शकतो. परके जहाज बंदरात आणताना एम्डेन बंदराचा लोत्से, म्हणजे वाटाड्या, जसा छोट्या होडीतून येऊन जहाजावर चढतो, वाळूचे उंचवटे चुकवतो आणि जहाज धक्क्याला लावून उतरून जातो, तसेच माझी ही लायब्ररी करते. जहाज म्हणजे इमकेच्या नोंदी. बंदर म्हणजे आमचे भांडार. वाळूचे उंचवटे म्हणजे भांडाराचे नियम, आणि ते पुष्कळ आहेत.

लोत्से आधी तक्ता तपासतो. प्रत्येक स्तंभात काय मोजले, कोणत्या एककात, कोणत्या साधनाने आणि कुणी, हे त्याला कळलेच पाहिजे. त्यानंतर तो वर्णन मागतो : तळे कुठे आहे, किती खोल आहे, मोजणी का केली. हे त्याच्या मनासारखे झाले की मगच तो सामान घेऊन निघतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमची बंदरे दोन आहेत. एक खरे, दुसरे सरावाचे. सराव-बंदर हुबेहूब खऱ्यासारखे दिसते, फक्त पानावर वरती एक पिवळी पट्टी असते. तिथे पान तयार होते, नाव दिसते, क्रमांकही मिळतो, पण तो क्रमांक खोटा असतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते बंदर झाडून रिकामे केले जाते. सोबत पाठवलेल्या प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीत "सराव" या शब्दापुढे "हो" लिहिले आहे. मी ते मुद्दाम तसे ठेवले आहे. खऱ्या बंदरात लागलेले जहाज परत काढता येत नाही. एकदा प्रसिद्ध झालेल्या नोंदसंचातले एक अक्षरही मग कुणाला बदलता येत नाही, मलाही नाही, आमच्या संचालकांनाही नाही. म्हणून आधी सराव करावा, पान डोळ्यांखालून घालावे, आणि समाधान झाले की "हो"च्या जागी "नाही" लिहावे. एवढाच एक शब्द.

चुका होतील. लोत्से चुका सांगतो, पण रागावत नाही. तशी काळजी मी घेतली आहे.

तुझा,
ट्यार्क


उपेन, २९ एप्रिल

ट्यार्क,

रागावत नाही म्हणतोस? पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "तापमान ७५ अंश : पाण्यासाठी असंभव." मी घाबरून खिडकीतून बघितलं. तळं उकळत नव्हतं. मग कळलं, आपण साडेसात लिहिताना स्वल्पविराम देतो आणि तुझ्या लोत्सेला टिंब लागतं. स्वल्पविराम तो गिळून टाकतो. आठ वर्षांचे सगळे स्वल्पविराम मी बदलले. कॉम्प्युटर एका फटक्यात बदलून देतो हे मला नंतर हारोनं सांगितलं. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "तू विचारलंस का? तू तर दार लावून बसली होतीस."

दुसरं भांडण शेरा या स्तंभावरून झालं. इमके प्रत्येक वेळी शेवटी काहीतरी लिहायची. "वारा पश्चिमेचा. आईनं विणलेली टोपी पाण्यात." "हारोची बदकं मोजायच्या तबकडीभोवती जमली, पुन्हा मोजलं." लोत्से विचारतो, एकक काय? टोपीला एकक नसतं, हे त्याला कसं सांगायचं? तू पाठवलेली पानं दोनदा वाचली, तेव्हा सापडलं. "एकक नाही" असं लिहायची सोय तू ठेवली आहेस. शहाणा आहेस.

काल संध्याकाळी हिरवी ओळ आली. "पोचले." खाली पान उघडलं. वर लिहिलं होतं, उपेनचे तळे : पाण्याचे तापमान आणि पारदर्शकता. त्याखाली, इमके. तिचं नाव असं स्वच्छ छापलेलं मी कबरीच्या दगडानंतर पहिल्यांदाच बघत होते. पुष्कळ वेळ बघत बसले. चहा गार झाला.

मावशी


फ्रायबुर्ग, ९ मे

प्रिय मावशी,

अभिनंदन! स्वल्पविरामांची अडचण आमच्याकडे अनेक प्राध्यापकांना येते, आणि ते तुझ्याइतक्या शांतपणे पत्र लिहीत नाहीत. मी आता लोत्सेला शिकवले आहे की पंचाहत्तर अंशांचे पाणी दिसले, तर "आपण स्वल्पविराम वापरला आहे का?" असे आधी विचारावे. ही सुधारणा तुझ्यामुळे झाली. बाहेर पडलेल्या नव्या आवृत्तीच्या टिपणात मी लिहिले आहे : सूचना, उपेन.

एक तारखेला सराव-बंदर झाडले गेले, तेव्हा तुझे पान आता नसेल. घाबरू नकोस, ते अपेक्षितच होते. तुझ्याकडचा तक्ता शाबूत आहे. आता शेवटची ओळ उघड, "हो"च्या जागी "नाही" लिही, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालव. झाले!

तुझा,
ट्यार्क


उपेन, १२ जून

ट्यार्क,

पुन्हा केलं. हिरवी ओळ आली. पान सरावाचंच निघालं, वरती पिवळी पट्टी होती. मे महिन्यातही तसंच झालं होतं. चुकलं असेल काहीतरी. वयामुळे होतं.

इकडे गवत कापणी चालू आहे. हारो विचारत होता, होडी रंगवू का? मी म्हटलं, "रंगव. कुठल्या रंगानं ते मला विचारू नकोस." त्यानं हिरवी केली, आधी होती तशीच.

तळ्याचं वर्णन मला नीट जमलं नव्हतं, ते या वेळी परत लिहिलं. पश्चिमेच्या काठावर बोरू किती दाट आहे ते घातलं. तिला होडी त्यातून ढकलत न्यावी लागायची.

मावशी


फ्रायबुर्ग, ३ जुलै

प्रिय मावशी,

मुळीच काळजी करू नकोस. चूक तुझी नाही, माझ्या स्पष्टीकरणाची आहे. जे समजत नाही, ते नीट समजावले गेलेले नसते, हे मी तुझ्याकडूनच शिकलो.

म्हणून या वेळी दोन गोष्टी केल्या आहेत. पहिली, सोबत चित्र काढून पाठवतो आहे. डावीकडे पिवळे बंदर, उजवीकडे निळे, आणि मधे ती ओळ. बदलायचा शब्द लाल केला आहे. दुसरी, लोत्सेची नवी आवृत्ती काढली आहे, तिचे कारण तू आहेस. आता सामान घेऊन निघण्यापूर्वी तो थांबतो आणि सरळ विचारतो : "ही सराव-फेरी आहे. खरोखर पाठवायचे का?" तू "हो" लिहिलेस, की ओळ शोधण्याची गरजच नाही. आमच्या गटात यावर चर्चा झाली. एक सहकारी म्हणाला, "एका मावशीसाठी सगळ्या जगाला एक जास्तीचा प्रश्न?" मी म्हणालो, "मावशीला जो प्रश्न पडतो, तो जगालाही पडत असतो."

आणखी एक सांगायचे राहिले. मी भांडारात काम करतो, त्यामुळे सराव-बंदरातली पाने मला दिसतात. तुझे वर्णन वाचले. एप्रिलमध्ये ते दोन ओळींचे होते, जूनमध्ये पानभर झाले. बोरूचा पट्टा, धक्क्याची निसरडी फळी, गुरुवारी सकाळीच मोजणी का व्हायची त्याचे कारण. फार उत्तम! असे दस्तऐवजीकरण तज्ज्ञही करत नाहीत. फक्त इमकेच्या डब्यात काय असायचे, हा परिच्छेद कदाचित गाळता येईल.

तुझा,
ट्यार्क


उपेन, १० ऑगस्ट

ट्यार्क,

चित्र मिळालं. भिंतीवर लावलंय. निळा रंग छान वापरलास.

डब्याचा परिच्छेद राहू दे.

मावशी


फ्रायबुर्ग, ५ सप्टेंबर

प्रिय मावशी,

ऑगस्टमध्येही पान पिवळ्या पट्टीचेच आले, आणि एक तारखेला गेले. आज सप्टेंबरचे नवे पान तिथे पाहिले. तेही पिवळे आहे.

मी आता स्पष्ट लिहितो. लेख छापून आला आहे. गेल्या महिन्यात हॉलंडमधल्या कुणीतरी आम्हाला विचारले की उपेनच्या तळ्याचा क्रमांक उघडल्यावर रिकामे पान का दिसते. नोव्हेंबर दूर नाही. डिस्क जुनी आहे आणि तिची दुसरी प्रत नाही. ती बंद पडली, तर आठ वर्षे गेली.

एक सोपा मार्ग आहे. तुझे सप्टेंबरचे पान सराव-बंदरात आत्ता उभे आहे. त्यातल्या फाइली मी इथून उचलून खऱ्या बंदरात लावू शकतो. तुला काहीच करावे लागणार नाही. फक्त एका ओळीने परवानगी दे. या सगळ्याचा तुला त्रास होतो आहे, आणि तो मला कमी करायचा आहे.

तुझा,
ट्यार्क


उपेन, १६ सप्टेंबर

ट्यार्क,

हात लावू नकोस.

तुला खरंच वाटलं की मला कळत नाही? तुझा लोत्से थांबतो, विचारतो, "खरोखर पाठवायचे का?" मी प्रश्न वाचते. मग "नाही" लिहिते. दर महिन्याला लिहिते. तुझं चित्र आलं तेव्हा मला तुझी कीव आली. इतकी मेहनत घेतलीस, लाल रंग वापरलास, आणि मावशी मठ्ठ आहे यापलीकडे तुझ्या डोक्यात काही आलं नाही. वयामुळे होतं असं मीच लिहिलं होतं, तेही तू खरं मानलंस.

एक तारखेला पान जातं. मग दोन तारखेला मी तिच्या टेबलाशी बसते. पहिला रकाना नावाचा. तिचं नाव लिहिते. ती कुठं काम करायची ते लिहिते. तळ्याचं वर्णन नव्यानं लिहिते, कारण दर महिन्याला आणखी काहीतरी आठवतं. मग तो तपासतो, मी दुरुस्त करते, आणि हिरवी ओळ येते. महिनाभर ती तिथं असते. कामावर असते. तूच लिहिलंस ना, खऱ्या बंदरात लागलं की एक अक्षर बदलता येत नाही? मग दोन तारखेला मी काय करायचं?

शहरात राहून तू चहा ढवळायला शिकलास, हे अंत्यविधीच्या दिवशी मी बघितलं. आपल्याकडे चमचा ढवळायला नसतो. तो कपात ठेवला की यजमानीण ओतायचं थांबवते. तोवर ती ओततच राहते. मी अजून ठेवलेला नाही. तुला घाई असेल, तर तू तुझा ठेव.

मावशी


फ्रायबुर्ग, २० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

महिनाभर उत्तर लिहू शकलो नाही. लिहायला बसलो की हात पुन्हा स्पष्टीकरणच लिहू लागायचा, म्हणून कागद बाजूला ठेवत राहिलो. तू म्हणालीस ते खरे आहे. मी बंदर समजावत राहिलो. काठावर कोण उभे आहे, ते पाहिले नाही.

मी कशालाही हात लावलेला नाही. लावणारही नाही.

पण तुझे पान मी वाचले. आजवर फाइली तपासाव्या तसे वाचत होतो, या वेळी इमकेचे लिखाण वाचावे तसे वाचले, पहिल्या गुरुवारपासून. त्यात एक गोष्ट सापडली, आणि ती तुला विचारल्यावाचून गत्यंतर नाही. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची, आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची, ही इमकेची पारदर्शकतेची मोजणी. आधीच्या सगळ्या उन्हाळ्यांत ती खोली अर्ध्या मीटरच्या आसपास असे. गेल्या वर्षीच्या जुलैपासून मात्र तबकडी बरीच वर, अचानक, नाहीशी होऊ लागते, आणि शेवटच्या नोंदीपर्यंत तशीच राहते. शेऱ्यांत शेवाळ वाढल्याचा उल्लेख नाही. वारा नेहमीसारखाच आहे. मोजणारी व्यक्ती म्हणून प्रत्येक ओळीत इमकेचे नाव आहे.

उद्या कुणी हे वाचेल, तर म्हणेल की त्या जुलैत उपेनचे तळे गढूळ झाले. किंवा म्हणेल की शेवटी शेवटी या बाईने नीट मोजले नाही. या दोन्हीपैकी कोणतेही वाक्य तिच्या नावाखाली कुणी लिहू नये, असे मला वाटते. त्या जुलैत काय झाले होते, मावशी? तबकडी बदलली होती का?

तुझा,
ट्यार्क


उपेन, ३ नोव्हेंबर

ट्यार्क,

तळं गढूळ झालं नव्हतं. माझे डोळे म्हातारे आहेत.

जुलैत तिला पहिल्यांदा होडीत घेरी आली. मी हारोला म्हटलं, आता मी जाते बरोबर. वल्ही मी मारायची. ती ब्लँकेट गुंडाळून मागे बसायची, मांडीवर फळी आणि पेन्सिल. पहिल्या गुरुवारी तबकडी तिनं सोडली, वाकली, आणि पांढरी पडली. म्हणाली, "आई, तू बघ."

"मला काय समजतंय त्यातलं?"

"समजायचं काही नाही. दिसेनाशी झाली की ओरड."

"चष्म्यावर पाणी उडतंय."

"मग पूस. शाळेत आमची कारणं चालायची का तुला?"

तेव्हापासून मी दोरी सोडायची आणि ती विचारायची. "गेली?" "गेली." "नक्की?" "नक्की गं बाई, गेली." ती लिहायची. एकदा आकडा लिहून ती थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आई, तुझ्या डोळ्यांनी तळं फार लवकर संपतं." मी म्हटलं, "मग तुझ्या डोळ्यांनी बघ." म्हणाली, "नको. तूच बघ. मी इथून बघते."

तिला फरक कळत होता. शेऱ्यात लिहीन म्हणाली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही शेवटचे गेलो, आणि मग ते राहिलंच.

एप्रिलमध्ये तुझ्या लोत्सेनं विचारलं, या ओळी कुणी मोजल्या? तो रकाना तिनं रिकामा सोडला होता. मी इमके लिहिलं. दर महिन्याला तेच लिहिलं. काम तिचं होतं, मी नुसती दोरी धरली. तिच्या कामात मी कशाला?

मावशी


फ्रायबुर्ग, ११ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आज पुन्हा समजावतो आहे, आणि या वेळी तुला ते ऐकावे लागेल.

मोजणारी व्यक्ती म्हणजे काम जिचे होते ती नव्हे. जिच्या डोळ्यांसमोर तबकडी नाहीशी झाली, ती. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात. इमकेला हे माहीत होते, म्हणूनच तिने तो रकाना रिकामा ठेवला. स्वतःचे नाव तिला तिथे लिहिता आले असते. तिने लिहिले नाही. तिने मोजण्यात कधी लबाडी केली नाही, आणि आपण तिच्या वतीने ती करू नये.

जुलैपासूनच्या ओळींत तुझे नाव हवे. शेऱ्यात एक वाक्य हवे : "येथून पुढे मोजणारी व्यक्ती बदलली." एवढे लिहिले, की तळे पुन्हा स्वच्छ होते. ज्याला हिशोब करायचा आहे, तो तुझ्या डोळ्यांचा फरक वजा करील. आणि ज्याने मोजले, त्याचे नाव नोंदसंचाच्या कर्त्यांतही जाते. हा भांडाराचा नियम आहे. पानावर वर इमके आणि गेझा अशी दोन नावे येतील. मी तुझ्यावर उपकार करत नाही. हा निव्वळ बिनचूकपणा आहे.

एक रकाना तू दर वेळी माझ्या नावाने भरला आहेस : संपर्क. नोंदींबद्दल कुणाला काही विचारायचे असेल, तर कुणाला लिहावे? मावशी, मला तळ्यातले काही माहीत नाही. फळी कुठे निसरडी आहे, हे हॉलंडच्या त्या माणसाला मी सांगू शकत नाही.

"खरोखर पाठवायचे का?" याचे उत्तर मी तुझ्यावर सोपवतो. तीस तारखेला तू "नाही" लिहिलेस, तरी मी तुला दुसरे काही लिहिणार नाही. फक्त ते तुझ्या नावासह "नाही" असावे.

तुझा,
ट्यार्क


उपेन, १ डिसेंबर

ट्यार्क बाळा,

काल केलं.

आधी जुलैपासूनच्या ओळी घेतल्या. प्रत्येक ठिकाणी तिचं नाव काढायचं आणि माझं घालायचं. एका फटक्यात होतं हे मला आता माहीत आहे. मी एकेक केली. प्रत्येक ओळ म्हणजे एक गुरुवार, आणि मला प्रत्येक आठवला. तिच्या शेऱ्यांच्या खाली तुझं वाक्य लिहिलं. त्याच्या पुढे माझं एक लिहिलं : "हिला कमी दिसतं." लोत्सेनं तक्रार केली नाही. संपर्काच्या रकान्यात माझा पत्ता दिलाय, रस्त्याच्या नावासकट. विचारायचं असेल त्यानं पत्र लिहावं, पूर्ण वाक्यांत.

डब्याचा परिच्छेद ठेवलाय.

मग लोत्सेनं विचारलं, "खरोखर पाठवायचे का?" हारो खाली अंगणात होडी उलटी करून ठेवत होता, थंडीसाठी. त्याला खिडकीतून विचारलं, "नीट झाकलीस ना?" म्हणाला, "झाकली. आता कुठं लागणार आहे ती?" मी खिडकी लावली आणि "हो" लिहिलं.

हिरवी ओळ तशीच आली. पिवळी पट्टी मात्र नव्हती.

आज एक तारीख. सवयीनं सकाळी उठून आधी तिच्या टेबलाशी गेले. लेखाच्या शेवटचा क्रमांक घातला. पान होतं. तिचं नाव होतं, बाजूला माझं. काल होतं तसंच, अक्षर न अक्षर. पुन्हा एकदा उघडून बघितलं. होतंच.

उद्या दोन तारीख आहे, आणि मला काही काम नाही.

खाली येऊन चहा केला. खडीसाखर टाकली, ती तडकली, वरून साय सोडली. तीन कप प्याले. मग चमचा कपात ठेवला.

नाताळात ये. ढवळायचं नाही.

मावशी